मागे मोजलेले दिवस

आईने १९७९ नंतर उसाचा रस घेतला नाही. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज कानावर आला की ती बोलता बोलता गप्प व्हायची आणि रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागायची. आम्हा भावंडांना कारण माहीत होतं. घरात ते कुणी उच्चारायचं नाही.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आई आणि माझी धाकटी मावशी तुळशीबागेत गेल्या होत्या. मावशीला सातवा महिना. तिचं सासर आमच्याच गल्लीत, शुक्रवार पेठेत, चार वाडे सोडून. त्यामुळे बहिणी-बहिणींचं येणं-जाणं रोजचंच. पाऊस अजून यायचा होता, उकाडा मी म्हणत होता. परतताना मावशीचा जीव कासावीस झाला म्हणून आईने तिला रसवंतीत बाकावर बसवलं आणि आलं-लिंबू घातलेल्या रसाचा ग्लास तिच्या हातात दिला. स्वतःला घेतला नाही, कारण पर्समध्ये तेवढेच सुटे पैसे होते.

पाचव्या दिवशी मावशीला मळमळायला लागलं. दिवसांत असलेल्या बाईची मळमळ कोण मनावर घेणार? मग लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, आणि एका सकाळी आजीने तिला उजेडात बसवून डोळ्यांची खालची पापणी ओढली तर आत हळद. त्या काळी काविळीचे उपाय घरोघर ठरलेले. आजीने माळ आणवली. काड्या गुंफलेली ती माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. (काड्या सुकताना आक्रसतात, गाठी सैल होतात, आणि माळ कुणाच्याही डोक्यावर वाढते, हे पुष्कळ नंतर कळलं.) चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. मी नऊ वर्षांची होते. ते पिवळं पाणी ओतायला मीच मोरीपर्यंत गेले होते.

आठवड्याभरात मावशी असंबद्ध बोलू लागली. आईला ओळखेना. दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. बाळ पोटातच गेलं होतं.

दहाव्याला आलेल्या कुणा म्हाताऱ्या बाईने विचारलं, ‘‘बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का हो हिने?’’ आणि कुणीतरी उत्तर दिलं, ‘‘रस प्यायली होती. बहिणीने पाजला.’’ त्यात दुष्टावा नव्हता. विचारणारीने सरळ विचारलं, सांगणारीने घडलं ते सांगितलं. पण ते वाक्य आईच्या अंगात रुतून बसलं.

२००३ मध्ये मी पुण्याच्या आसपासच्या गावांत लहान मुलांच्या जुलाबांवर चाललेल्या एका अभ्यासात क्षेत्र-कार्यकर्ती म्हणून लागले. काम म्हणजे घरोघर जायचं, पाच वर्षांखालच्या मुलाची आई गाठायची, फॉर्म भरायचा, आणि गरज पडली तर शीचा नमुना डबीत घेऊन बर्फाच्या पेटीतून केंद्रावर पोचवायचा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पहिल्याच आठवड्यात माझी जिरली.

फॉर्मवर प्रश्न होता, ‘‘गेल्या सात दिवसांत बाळाला जुलाब झाले का?’’ घरामागून घर आया म्हणत, ‘‘नाही बाई, जुलाब कुठले.’’ मी ‘नाही’वर खूण करून पुढे. एका वस्तीवर मी उठायच्या बेतात असताना मागच्या दोरीवर सात-आठ लंगोट वाळत घातलेले दिसले, आणि एक अजून बादलीत भिजत होता. मी पुन्हा बसले. ‘‘बाळ शी कितीदा करतंय?’’ ‘‘पाच-सहा वेळा. पाण्यासारखी. पण ते दातांचं आहे.’’ म्हणजे हिच्या लेखी ते जुलाब नव्हतेच. दात येताना ढाळ होतातच, त्यात सांगण्यासारखं काय? दुसऱ्या घरी ‘पोट बिघडलंय’, तिसऱ्या घरी ‘नजर लागलीय’, चौथ्या घरी ‘माझंच दूध बाधलं’. अभ्यासाची व्याख्या स्वच्छ होती: चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच. पण त्या व्याख्येपर्यंत पोचायचं तर आईच्या शब्दांतून वाट काढायला हवी होती. मी मग ‘जुलाब’ हा शब्दच टाकला. ‘‘बाळाची शी कालपेक्षा वेगळी आहे का? लंगोटातून खाली गळते का?’’ असं विचारू लागले. आकडे एकदम वाढले. मुलं तेवढीच आजारी होती, प्रश्न बदलला होता. साथरोगांच्या अभ्यासातले मोठमोठे तक्ते शेवटी दारातल्या या दोन वाक्यांवर उभे असतात, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे. तक्ता बघताना मला आजही ती दोरी दिसते.

आणि ‘माझंच दूध बाधलं’ म्हणणाऱ्या बाईचा चेहरा. बहुतेक आया स्वतःवरच दोष घेत. रोटाव्हायरस नावाचा विषाणू आहे, तो श्रीमंत देशांतल्या, चोवीस तास शुद्ध पाणी असलेल्या घरांतल्या बाळांनाही गाठतो, नुसत्या स्वच्छतेने त्याला पुरतं अडवता येत नाही, म्हणून तर त्यावर लस शोधायची धडपड चालली आहे, हे मी त्यांना समजावायची. पुढे ती लस आली. त्यातल्या एका लशीच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याजवळच्या वढूच्या परिसरातली बाळं होती. एकूण ६,७९९ बाळं, निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. दुसरी लस पुण्यातच तयार झाली. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. लस घेतलेलं बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई पाहिली की मला त्या ‘दूध बाधलं’वालीला शोधून काढावंसं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते प्रशिक्षणातल्या एका दुपारबद्दल.

आमचे सर फळ्यावर एक आडवी रेघ ओढून ‘अधिशयन काळ’ समजावत होते. जंतू पोटात गेल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचे दिवस. रोगी कधी आजारी पडला ते कळलं की तिथून मागे मोजत जायचं. कॉलऱ्यात काही तासांपासून फार तर पाच दिवस. रोटाव्हायरसमध्ये साधारण दोन दिवस. विषमज्वरात एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. ‘‘माणसाला आजारपणाच्या आदल्या दिवशीचं जेवण आठवतं,’’ सर म्हणाले, ‘‘आणि तो त्यालाच धरतो. तुम्ही त्याला योग्य दिवसापाशी न्यायचं.’’ मग त्यांनी रेघ लांबवत नेली आणि टोकाला लिहिलं: कावीळ ई, दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा.

मी हात वर केला. ‘‘सर, काही प्यायल्यावर पाचव्या दिवशी कावीळ सुरू झाली, असं होऊ शकतं?’’

‘‘पाण्यातून येणाऱ्या विषाणूची? नाही. पाच दिवसांत नाही. त्याच्या कितीतरी आधी ती पोटात गेलेली असणार.’’

त्या दिवशी मी संध्याकाळची बस पकडून थेट आईकडे गेले. ती भाजी निवडत होती. मी ताट बाजूला सरकवून तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. आधी तिला वाटलं मी तिची समजूत काढते आहे. मग मी सरांसारखीच जमिनीवर बोटाने रेघ ओढली. हा जून. ही तुळशीबाग. आणि हे पाच-सहा आठवडे मागे, एप्रिलचा शेवट, मेची सुरुवात.

आई बराच वेळ त्या न दिसणाऱ्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मेमध्ये गल्ली खोदलेली होती.’’

आणि एकेक निघू लागलं. चोवीस वर्षं तिला कुणी मे महिन्याबद्दल विचारलंच नव्हतं. गटाराच्या कामासाठी गल्ली उकरलेली होती. उन्हाळ्याची पाणीटंचाई, त्यामुळे नळ सकाळी तेवढाच यायचा. आधी नुसती फसफस हवा, मग पहिली पाच-सात मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी. ‘‘ते आम्ही सोडून द्यायचो गं, स्वच्छ यायला लागलं की मगच कळशी लावायचो.’’ वाड्यातल्या खोलीत राहणारा एक कॉलेजचा मुलगा, समोरच्या वाड्यातला शिंपी आणि त्याचा भाऊ, तिघांनाही जूनमध्येच कावीळ झाली होती. तिघे महिन्या-दीड महिन्यात बरे झाले, म्हणून कुणी त्यांची गोष्ट मावशीच्या गोष्टीशी जोडली नाही. त्या तिघांपैकी कुणीही तो रस प्यायला नव्हता.

खंडित पाणीपुरवठ्यात काय होतं ते मला तोवर शिकवलं गेलं होतं. नळाला पाणी असतं तेव्हा पाइपच्या आत दाब असतो आणि चिरेतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब उतरतो, रिकामा होणारा पाइप उलट चोखू लागतो, आणि शेजारच्या फुटक्या गटाराचं झिरपलेलं पाणी त्याच चिरेतून आत शिरतं. पुढचं पाणी सुटलं की ते आधी येतं. गढूळपणा पाच मिनिटांत निघून जातो. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या कळशीतही तो असू शकतो. आईने नेमकं योग्य तेच केलं होतं, जेवढं कुणालाही दिसू शकत होतं तेवढं पाहून.

मग मला या काविळीचं वेडच लागलं. जे मिळेल ते वाचत गेले. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेच्या पाण्याला उलटी चाल मिळाली आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या उपशाच्या जागेपर्यंत पोचलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसांच्या ते लक्षात आलं होतं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर, हगवण असले जिवाणूंचे रोग वाढले नाहीत. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सुमारे २९,००० माणसं पिवळी पडली. दूषित पाणी आलं तो आठवडा माहीत होता, कावीळ कधी उसळली तेही माहीत होतं. मधलं अंतर त्या शहराने स्वतःच्या अंगावर मोजून दिलं. गरोदर बायका या साथीत जास्त दगावतात, हेही तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं. तेव्हा ती नेहमीचीच कावीळ, म्हणजे आज जिला ‘ए’ म्हणतात ती, असं समजून चालले.

त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव गोठवून जपून ठेवला होता. पंचवीस वर्षं. पुण्यात आंबेडकर रस्त्यावर जी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेली, तिथल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर ते जुने नमुने नव्या चाचण्यांनी तपासले. सोबत अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले. आणि पुण्यातल्या काविळीच्या रुग्णांचे, १९७८-७९ सालातले.

हे साल वाचलं तेव्हा मी पान खाली ठेवलं होतं.

नमुन्यांत ‘ए’च्या जुन्या, बालपणी होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा होत्या. ताज्या संसर्गाची खूण बहुतेकांत नव्हती. ‘बी’ही जुळत नव्हती. म्हणजे हा तिसराच कुणीतरी. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्याच सुमारास काश्मिरात १९७८ ला आलेल्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला, कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच शौचात तो कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला; १९८३ मध्ये ते छापून आलं. पुढे त्याला हिपॅटायटिस ई नाव मिळालं. पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी याच विषाणूवर वर्षानुवर्षं काम केलं.

मावशीचं रक्त त्या नमुन्यांत नव्हतं. तिचं रक्त कुणी तपासायला घेतलंच नव्हतं, आणि तिला ‘ई’च झाली होती हे आता कुणीही सिद्ध करू शकत नाही. पण तरुण वय, सातवा महिना, उन्हाळ्यानंतरची साथ, आठ दिवसांत भान हरपणं, गल्लीतले आणखी तीन तरुण रुग्ण, हे सगळं मी एका कागदावर लिहून सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. शेवटच्या तिमाहीत या काविळीने दर चार-पाच बायकांत एकीचा जीव जाऊ शकतो. विषाणूवर थेट मारा करणारं, गरोदर बाईला देता येईल असं औषध आजही नाही. चीनमध्ये २०११ मध्ये लशीला मान्यता मिळाली. साथ चालू असताना ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ मध्ये, दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या छावणीत, आणि तिथे गरोदर बायकांनाही दिली. ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने विचारलं, ‘‘आपल्याकडे कधी?’’ आपल्याकडे दर उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाची ‘काविळीची साथ’ अशी बातमी येते. २०१२ मध्ये इचलकरंजीत आली होती, हजारो रुग्ण. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला अजूनही राग येतो.

रस मात्र तिने त्यानंतरही घेतला नाही. मी आग्रह केला नाही. बदल वेगळाच झाला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या आणि गॅसच्या नोंदी असायच्या, त्यांच्या शेजारी ती पाण्याच्या नोंदी करू लागली. ‘गढूळ’. ‘वास’. ‘नळ नाही’. वर्ष संपलं तरी ती कालनिर्णय टाकून देत नाही. गुंडाळी करून, दोरा बांधून माळ्यावर ठेवते.

आता आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. २०२५ च्या जानेवारीत या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात, माणसं अचानक हातापायांतली शक्ती जाऊन रुग्णालयात भरती होऊ लागली. गिया-बारे सिंड्रोम. पेपरांतून, व्हॉट्सॲपवरून सगळ्यांच्या तोंडी ‘जीबीएस’. बघता बघता रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. काहींना व्हेंटिलेटर लागला, काही गेले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. तपासणी पुन्हा त्याच आंबेडकर रस्त्यावरच्या संस्थेत. कॅम्पायलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणातली काही रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेसारखी असते. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं बनवतं आणि तीच चुकून मज्जातंतूंवर तुटून पडतात. जुलाब होतात, थांबतात, माणूस कामाला लागतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी जिना चढताना पाय उचलत नाही. पुन्हा तेच, मधले दिवस. आमच्या सोसायटीत कुणी चिकन बंद केलं, कुणी पनीर, कुणी मुलांची पाणीपुरी. जो तो कालच्या जेवणाला धरत होता. जिन्यात भेटेल त्याला मी थांबवून तारखा विचारत होते. लोक कंटाळले असतील. असोत.

शेवटच्या आठवड्यात दारावर पाहणीसाठी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, उन्हाने चेहरा लालबुंद. दिवसभरात किती जिने चढली असेल ते तिच्या गुडघ्यांकडे बघून मला कळत होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं (उकळलेलं, हे तिला आवर्जून सांगितलं). तिने आईला विचारलं, ‘‘आजी, गेल्या काही दिवसांत पोट बिघडलं होतं का? बाहेरचं काही खाल्लंत?’’

‘‘ते विचारशील गं सावकाश,’’ आई म्हणाली. ‘‘आधी पाणी कुठलं ते लिही.’’

मुलगी हसली आणि उठली. तिच्याकडे क्लोरोस्कोप होता. स्वयंपाकघरातला नळ थोडा वेळ वाहू देऊन तिने नळीत पाणी धरलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग चढतो. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक हवं, साथ असेल तर ०.५. आम्ही तिघी खिडकीशी उभ्या राहिलो. आईने चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला.

‘‘पिवळं व्हायला हवं ना?’’

‘‘हो आजी.’’

पाणी होतं तसंच राहिलं, नितळ.

मुलीने फॉर्मवर शून्य लिहिलं. मग म्हणाली, ‘‘हे टँकरचं ना? मागचा टँकर कधी आला होता, आठवतंय का कुणाला? त्याच्या आधीचा?’’

आई भिंतीकडे वळली. खिळ्यावरून कालनिर्णय काढून तिने ओट्यावर ठेवलं. जानेवारीच्या चौकटींत बारीक निळ्या अक्षरांत ‘टॅं’ लिहिलेलं होतं, कुठे शेजारी ‘वास’, एका ठिकाणी ‘गढूळ’ला दोनदा अधोरेखित. तिने सत्तावीस तारखेवर बोट ठेवलं आणि मागे न्यायला लागली. मुलगी पेन उघडून तिच्या शेजारी वाकली.

‘‘लिही,’’ आई म्हणाली. ‘‘पंचवीस. बावीस. एकोणीस, त्या दिवशी वास होता…’’